झाडाखालचा आवाज

आमच्या सोलापूरकडे समुद्र असतो तो फळ्यावर, निळ्या खडूने काढलेला. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. कोकणची किनारपट्टी डोळे मिटून काढीन, खाड्यांसकट. तरीही अलिबागच्या स्टँडवर उतरल्यावर रेवदंड्याची गाडी सोडून मी पेणच्या गाडीत जाऊन बसले. कंडक्टर भला माणूस, गाडी हलायच्या आत त्याने उतरवलं. पाय जमिनीला लागतो न लागतो तोच डोक्यात सुरू झालं, ‘भूगोल शिकवते म्हणे! पाटी वाचता येत नाही. वेंधळी ती वेंधळीच.’

हा आवाज माझ्या आईचा. आई जाऊन वर्ष होत आलं, आवाज काही गेला नाही.

वडील गेल्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही दोघी या किनाऱ्यावर यायचो. आईने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मुरूडला, साठी उलटल्यावर. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “एवढं पाणी, आणि एक तांब्या पिण्याच्या उपयोगाचं नाही.” मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा यायची नाही. पण पुढच्या वर्षी थंडी पडताच तिने प्रवासासाठी कडक भाकऱ्या करायला घेतल्या. चौल आणि मुरूड एवढंच आमचं ठरलेलं. श्रीवर्धन राहून जायचं. तिचे गुडघे आणि माझी रजा यांचं कधी जमलं नाही. परतीच्या गाडीत ती हमखास म्हणायची, “पुढच्या वर्षी तिकडं जाऊ. सुपारी जन्मभर खाल्ली, झाड काही बघितलं नाही.” यंदा मी निवृत्त झाले. आता रजेचा प्रश्न नव्हता आणि गुडघ्यांचाही नव्हता. मी एकटीच निघाले.

निघण्याआधीचं थोडं सांगायला हवं. आई गेल्यापासून हा डोक्यातला आवाज फार वाढला होता. दूध उतू गेलं तरी यायचा, नाही गेलं तरी यायचा. शाळेतल्या एका मैत्रिणीने मला ओढून समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई तरुण, हुशार, बोलणं मधाळ. म्हणाल्या, “विचाराशी भांडू नका. तो आला की नुसतं म्हणायचं, आलास का. तो एक विचार आहे, तो म्हणजे तुम्ही नव्हे.” मी इमानेइतबारे ‘आलास का’ म्हणत राहिले, तर तो पाहुण्यासारखा मांडी ठोकून बसायला लागला. मग बाईंनी विचारलं, हा आवाज कुणाचा वाटतो? मी म्हटलं, आईचा. त्या हळूच म्हणाल्या, “मग तिला प्रेमाने निरोप देऊन बघू या का?”

मी पर्स उचलून घरी आले. एकदा दिला होता की निरोप, तो काय कमी होता! आईचा आवाज माझ्याकडे कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. उरलाय तो एवढाच, डोक्यातला, आणि तोही मला नावं ठेवणारा. तो सुखाने घास गिळू देत नाही हे खरं. पण तो घालवला तर माझ्याकडे आईचं राहणार काय? बाईंना हा प्रश्न विचारायचा मला धीर झाला नाही, आणि उत्तर ऐकायचा तर त्याहून नाही.

चौल

चौलला आम्ही नेहमी काशिनाथभाऊंकडे उतरायचो. आगरी कुटुंब. धाकटा भाऊ ट्रक चालवतो, काशिनाथभाऊ नारळीची वाडी सांभाळतात आणि मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मी रिक्षातून उतरले तरी ते माझ्या पाठीमागे बघत राहिले. अजून कुणी उतरायचं आहे असं त्यांना वाटत होतं.

“आयेला न्हाय आनलं यंदा?”

मी सांगितलं. ते आत जाऊन पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आले आणि मी पिईपर्यंत समोर उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी वाडीच्या कडेला पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती गवताकाड्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडे याच दिवसांत हुरडा असतो, आगटीत कणसं भाजतात आणि माणसं भोवती कोंडाळं करून बसतात. आईच्या मते हुरडा हे सरळ काम आणि पोपटी हा नुसता खटाटोप. “शेंगा चुलीवर शिजल्या नसत्या का?” हे ती दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी सगळ्यात शेवटी उठायची.

“म्हातारी नावं ठेवायची,” काशिनाथभाऊ शेंग सोलता सोलता म्हणाले, “पन तळातली करपलेली शेंग तिलाच लागायची. आमी तिच्यासाठी बाजूला ठेवायचो.” त्यांनी मडक्यातून अशी एक शेंग शोधून काढली आणि माझ्या ताटलीत ठेवली.

मला ती गिळेना. डोळे भरून आले तसा डोक्यातला आवाज म्हणाला, ‘परक्याच्या दारात रडायला बसलीस? सगळ्यांची जेवणं खराब केलीस.’ मी उठून नळावर तोंड धुऊन आले आणि धूर लागला म्हणून सांगितलं. 

आगरदांडा

मुरूडला थांबले नाही. तो किनारा तिच्याशिवाय बघायची माझी छाती झाली नाही. गाडी मुरूडच्या रस्त्यावरून जाताना मी चक्क डोळे मिटून घेतले. आगरदांड्याच्या जेट्टीवर मात्र बरं वाटलं, कारण इथे आम्ही कधी आलो नव्हतो. इथून फेरीबोट पलीकडे दिघीला जाते. खाली मोटारी आणि मोटारसायकली दाटीवाटीने लागतात, वर माणसांसाठी बाकं.

बाकं रिकामी होती. आई असती तर गुडघे विसरून पुढे पळाली असती, कडेचं बाक धरून शेजारी पिशवी ठेवून माझी जागा अडवली असती. मी कठड्याशी उभी राहिले. बसावंसं वाटत होतं, पण आवाज म्हणाला, ‘बसलीस की बॅग विसरशील,’ म्हणून बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून उभीच राहिले. खाडीचं पाणी चकाकत होतं. डोंगर दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरले होते. माझ्यातल्या भूगोलाच्या बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं सगळं लक्ष पट्ट्याकडे.

जवळच्या बाकावर दिघीच्या एक वयस्क मुसलमान बाई बसल्या होत्या. मांडीवर डबा आणि मोबाइल तोंडापाशी धरलेला. मुलगा कुवेतला नोकरीला, त्याला त्या आवाजी निरोप पाठवत होत्या. निरोप कसला, हजेरीच घेत होत्या.

“काय रे, इतके दिस झाले, तुजा फोन न्हाय. आमी हितं जिते हाव का न्हाय, तुला खबर हाय का? बापाची दवा संपली, ते पन मीच सांगायचं? तुला अक्कल कवा यायची?” इथे त्यांनी दम घेतला. “चल, जेवून घे. टायमावर झोप. अल्लाच्या हवाले.”

फोन खाली ठेवल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या. “पोराला बोललं का मला बरं वाटतं.” मग डबा उघडून त्यांनी मला सांदण दिलं, तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, गोड. फार छान झालंय म्हटलं तर म्हणाल्या, “कुठं, यंदा फुगलंच न्हाय.” मला त्यांच्या मुलाचा हेवा वाटला. त्याच्या फोनमध्ये हे सगळं साठत असणार आणि कंटाळा येऊन तो ते पुरतं ऐकतही नसणार.

श्रीवर्धन

श्रीवर्धनला समुद्र आहेच, स्वच्छ आणि लांबलचक. पण मला भुरळ पाडली ती गल्ल्यांनी. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आत वाड्या, आणि वाड्यांतून सरळसोट वर गेलेली सुपारीची झाडं. इतकी बारीक खोडं आणि इतकी उंची, की वर बघताना मान दुखते. मोठ्या वादळात निम्मी वाडी आडवी झाली होती असं लोक सांगतात. मधे मधे पोकळीत नवी रोपं दिसतात. प्रत्येक अंगणात सुपारी वाळत घातलेली होती, आणि तिचा ओलसर, तुरट वास गल्लीभर होता.

मी उतरले ते रंजनावहिनी आणि दत्तारामभाऊ या जोडप्याकडे. घर लहान, मागे वाडी मोठी. जेवायला वालाचं बिरडं, सोलकढी आणि तांदळाची भाकरी. ही भाकरी इतकी मऊ की मोडताना आवाजच नाही. आमची कडक भाकरी मोडली की शेजाऱ्यांना कळतं जेवायला बसले म्हणून.

वहिनींचं तोंड म्हणजे अखंड चालणारी गिरणी. पहिल्याच जेवणात नवऱ्याच्या नावाने किती फेरे झाले ते मोजता येणार नाही. ताट वाकडं धरलं, चप्पल दारात काढली, पाहुण्यांसमोर ढेकर दिली. भाऊ शांतपणे जेवत होते. मला प्रत्येक वाक्य आपल्यालाच लागल्यासारखं वाटत होतं आणि मी नकळत ताठ बसत होते.

सकाळी भाऊ सुपारी काढायला निघाले. मला झाडं बघायची आहेत म्हटल्यावर वहिनीही पोतं घेऊन सोबत आल्या. भाऊ साठीचे, काटक. पायात दोरीचा वेढा, कमरेला कोयती. बघता बघता ते झाडाच्या निम्म्यावर गेले, आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटले तशी खाली वहिनींनी सुरुवात केली होती.

“डावा पाय नीट ठेवा. नीट म्हनते मी! वय काय तुमचं? काल एका झाडावर घड ठेवलात, तो काय माझा बाप काढनार? त्या सुकलेल्या झावळीला धरू नका. सांगितलेलं कवा ऐकायचं न्हाय, आईनं शिकवलंच न्हाय...”

वर भाऊंनी घड कापला, दोरीने खाली सोडला. मग झाडाला झोका द्यायला लागले. शेंडा वाकला, एकदा, दोनदा, आणि त्यांनी हात लांबवून शेजारचं झाड धरलं. खाली न उतरता असंच एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं, ही इथली रीत.  आणि या बाईची टकळी चालूच! एवढ्या उंचीवर माणूस जीव मुठीत धरून लटकलाय, आणि खालून आपलं चुकलं, चुकलं, चुकलं. माझे कान तापले.

“वहिनी,” मी म्हटलं, “जरा गप्प राहा ना. शांतपणे काम करू द्या त्यांना.”

वहिनींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांचा शब्द पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गप्प झाल्या.

वाडीत एकदम शांत झालं. नुसती झावळ्यांची सळसळ. मला वाटलं, बघा, किती बरं. एवढ्यात वरचं झाड हलायचं थांबलं.

“अगो?” वरून हाक आली. “अगो, हायस का?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, बोलू का, अशा नजरेने. मी काही ठरवायच्या आत भाऊ सरसर खाली यायला लागले, चढणाऱ्या माणसाने कधी उतरू नये अशा घाईने. खाली आले तेव्हा नडगी सोलवटून रक्त आलं होतं.

“काय झालं? शुगर उतरली का तुझी? मला वाटलं पडलीस.”

“मला काय होतंय? म्याडमनी गप बस म्हनलं.”

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मला दे माय धरणी ठाय झालं. मग भाऊच हसले. “म्याडम, हिला गप करू नका वो. वर गेलं का झावळ्यांतून खालचं दिसत न्हाय. हिचा आवाज येतोय तवर समजतं, खाली हाय सगळं जाग्यावर.”

“म्हणजे त्या सांगतात तसं तुम्ही करता?” मी विचारलं.

“तिचं ऐकून चढलो असतो तर कवाच पडलो असतो!”

“बघा, बघा कसं बोलतायत,” वहिनी कडाडल्या. “नडगी सोलून घेतली. या वयात एवढी अक्कल नसावी? नातवंडं झाली तरी...” आणि त्याच दमात, त्याच चढ्या पट्टीत, “बसा हितं. पानी प्या.” तांब्या त्यांच्या हातात देऊन त्या हळद आणायला घराकडे वळल्या.

माझ्या डोक्यात तोवर तांडव सुरू झालं होतं. ‘तुला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला? त्या माणसाचा जीव गेला असता. जाशील तिथे घाण करतेस. तू कुणालाच नको आहेस.’ मी झाडाला टेकून ते ऐकत होते, नेहमीसारखी, मान खाली घालून. पण कानात वहिनींचं ‘बसा हितं’ अजून होतं, आणि का कोण जाणे, मी वाट बघत राहिले. या आवाजाचं अजून काहीतरी बोलायचं राहिलंय असं वाटलं. पुढचं काही आलंच नाही.

आणि मला आठवलं.

लहानपणी माझ्या हातून तुपाची बरणी फुटली होती. आईने घर डोक्यावर घेतलं. “हाताला भोकं पडलीत का? डोळे कपाळाला लावून फिरतेस! वेंधळी मेली!” आणि मग एक सुस्कारा. मग पदराने माझे पाय पुसत, काच लागली का बघत, “असू दे. बस जवळ.” प्रत्येक वेळी. गणितात कमी गुण पडले तेव्हा, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, मुरूडच्या गाडीत मी उशिरा चढले आणि तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली तेव्हाही. “एवढा उशीर? चिंचा वेचत होतीस का? असू दे. बस जवळ.” तिचं बोलणं तिथे संपायचं. त्याशिवाय संपायचंच नाही.

वर्षभर मी आईचं अर्धंच बोलणं ऐकत होते. आणि ‘तू कुणालाच नको आहेस’? हे तर ती कधी बोललीच नाही. मठ्ठ म्हणाली, वेंधळी म्हणाली, घोडी म्हणाली, पण हे नाही. हे माझंच होतं. आईचं लुगडं नेसून येऊन बसलं होतं आणि मी आई म्हणून त्याच्या पाया पडत होते.

वहिनी हळद घेऊन आल्या आणि मला बघून घाबरल्या. “ताई, रडताय कशाला? एवढं काय झालं न्हाय वो. नडगी त्यांची, रडताय तुमी!” त्यांनी मला धरून भाऊंच्या शेजारी पोत्यावर बसवलं आणि दोघांनाही एकाच तांब्यातलं पाणी दिलं.

दुपारी ते दोघं जेवणानंतर लवंडले तेव्हा मी एकटी वाडीत परत गेले. ऊन झावळ्यांतून गाळून येत होतं. एका झाडाच्या खोडावर हात ठेवला. गार होतं आणि कड्याकड्यांचं. म्हटलं, आई, ही बघ तुझी झाडं. तिने काय म्हटलं असतं याचा मला विचार करावा लागला नाही. “एवढं उंच चढायचं कशासाठी, तर दात किडवायला!” आणि तरी ती मान वर करून बघत राहिली असती, मान दुखेपर्यंत. ती हवी होती मला तिथे. अगदी पाच मिनिटं. नावं ठेवायला का होईना. एवढी तीव्र आठवण मला ती गेली त्या दिवशीसुद्धा झाली नव्हती.

परत

निघताना वहिनींनी सोललेली सुपारी एका कापडी पिशवीत बांधून दिली. “तुमच्या आईसाठी,” त्या म्हणाल्या आणि मग जीभ चावली. आदल्या संध्याकाळीच मी सगळं सांगितलं होतं. “म्हंजे, फोटोम्होरं ठेवा.” दत्तारामभाऊ नडगीला फडकं बांधून पुन्हा झाडावर होते. गल्लीच्या टोकापर्यंत वहिनींचा आवाज ऐकू येत होता. “उजवीकडचा घड! उजवीकडचा म्हनते मी!”

दिघीच्या जेट्टीवर चहा घेतला. फेरी लागली, माणसं धावली, मीही धावले. वर येऊन कठड्याशी उभी राहिले. बोट सुटली, मधे पाण्याचा पट्टा रुंदावत गेला, आणि मी मनगटाला पट्टा गुंडाळून धरलेली बॅग चाचपली. पर्स होती, बाटली होती. सुपारीची पिशवी चहाच्या टपरीवर राहिली होती. मला इथून दिसत होती, फळीवर, बरणीच्या शेजारी, लहान लहान होत जाणारी.

‘वेंधळी! एक वस्तू धड सांभाळता येत नाही. आईसाठी दिलेली, तीसुद्धा!’

आवाज आला, तसाच, तिचाच. मी भांडले नाही, आणि ‘आलास का’ही म्हटलं नाही. मी थांबले. सुस्कारा येईल म्हणून थांबले. वारा होता, खाली कुणाच्या तरी मोटारीत गाणं लागलं होतं. पलीकडचा आगरदांड्याचा किनारा जवळ येत होता. पुढचं वाक्य काही येईना. कुठून येणार? ते म्हणणारी आता नव्हती, हे मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं वर्षभरात कळलं नव्हतं. 

मग माझ्याच तोंडून, मोठ्याने नाही पण अगदी स्पष्ट, ते आलं. आवाज माझा होता, जरा घोगरा, पण शेवटचं अक्षर लांबवलं गेलं ते तिच्यासारखं.

“असू दे. बस जवळ.”

कडेचं बाक रिकामं होतं. मी बॅगेचा पट्टा मनगटावरून सोडला, बॅग मांडीवर घेतली, आणि बसले.